इराणी माणसाला अमेरिका, रशिया, चीनबद्दल काय वाटतं? फुकट मिळणाऱ्या जनमत चाचण्यांचं परीक्षण

इराणवर हल्ला झाला, नवे निर्बंध लागले किंवा वाटाघाटींची कुजबुज सुरू झाली की दोन दिवसांत आपल्या वाहिन्यांवर एखादा आकडा फिरायला लागतो. कधी 'दहापैकी आठ इराणींना क्रांतिरक्षक दलाचे जनरल सुलेमानी आवडायचे', तर कधी 'दहापैकी आठ इराणींना इस्लामी राजवट नको'. गंमत म्हणजे दोन्ही आकडे खरोखर छापून आलेले आहेत. पहिला ऑक्टोबर २०१९ मधल्या टेलिफोन चाचणीतला, ८२ टक्के. दुसरा डिसेंबर २०२२ मधल्या ऑनलाइन चाचणीतला, ८१ टक्के. मधल्या तीन वर्षांत बरंच घडलं. नोव्हेंबर २०१९ चं आंदोलन चिरडलं गेलं, जानेवारी २०२० मध्ये युक्रेनचं प्रवासी विमान इराणच्याच क्षेपणास्त्रांनी पाडलं, सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनीचा पोलिसांच्या ताब्यात मृत्यू झाला. तरी सगळा फरक काही घटनांमुळे पडलेला नाही. कुणाला विचारलं, फोनवर की ऑनलाइन विचारलं आणि नेमकं काय विचारलं, यात त्याचा मोठा वाटा आहे.

हे परीक्षण त्या चाचण्यांचं. आंतरराष्ट्रीय संबंध शिकणारे, परदेशी बातम्या लिहिणारे, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे आणि सोलापूर जिल्ह्यातून इराणला केळी पाठवणारे निर्यातदार, या सगळ्यांना 'पुढे तडजोड होईल का' याचा अंदाज कधी ना कधी लागतो. पुढच्या चारही संस्थांचे अहवाल किंवा निष्कर्ष पैसे न देता वाचता येतात. निकाल आधीच सांगून टाकतो. परराष्ट्र धोरणाबद्दलच्या मतांसाठी मेरीलँड विद्यापीठाचे अहवाल पहिल्या पसंतीचे. फोनवर माणूस जे बोलणार नाही त्यासाठी 'गमान' ही ऑनलाइन चाचण्या घेणारी संस्था. मतदानाच्या अंदाजासाठी इराणमधलीच 'इस्पा'. अमेरिकी चाचणी कंपनी गॅलप जुन्या नोंदींपुरती. चौघांचे आकडे एका तक्त्यात शेजारीशेजारी मांडलेत तर तो तक्ता टाकून द्यायच्या लायकीचा होतो, मग तो कितीही रंगीत असो.

मेरीलँड आणि इराणपोल

अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठातलं आंतरराष्ट्रीय सुरक्षा अभ्यास केंद्र गेली दहाएक वर्षं हे काम करतंय. सुरुवातीला तेहरान विद्यापीठाचं जनमत केंद्र सोबत होतं, नंतर टोरांटोची 'इराणपोल' ही कंपनी आली. पद्धत जुनी आणि साधी. संगणक यादृच्छिक घरगुती फोन नंबर काढतो, प्रांत आणि शहर-खेडं यांच्या लोकसंख्येनुसार नंबरांची वाटणी होते, मुलाखत फारसीत आणि ठरलेल्या प्रश्नावलीबरहुकूम. नमुना बहुतेक वेळा हजाराच्या आसपास. हजार माणसं म्हणजे चुकीची मर्यादा अधिक-उणे ३.१ टक्के.

हे ३.१ आपल्याकडे फार ढिलाईनं वापरलं जातं. ते एका चाचणीतल्या एका आकड्यापुरतं असतं. दोन चाचण्यांची तुलना करताना दोघींची चूक एकत्र येते आणि मर्यादा ४.४ पर्यंत जाते. म्हणजे एखाद्या देशाबद्दलचं अनुकूल मत ५२ वरून ५५ वर गेलं, तर बातमी करण्यासारखं काहीच घडलेलं नाही. शिवाय या अहवालांत काही प्रश्न अर्ध्याच लोकांना विचारलेले असतात. अर्ध्यांना एक शब्दरचना, उरलेल्यांना दुसरी. तिथे नमुना पाचशेचा होतो आणि एकेकटा आकडाही ४.४ नं हलू शकतो. तळटीप न वाचता हा प्रश्न उचलणारे रोज सापडतात. 'अमुक वयोगटातल्या दीडशे तरुणांपैकी' अशी फोड दिसली तर तिथे मर्यादा आठ टक्क्यांची आहे असं समजा आणि पुढे चला.

या अहवालांची खरी किंमत त्यांच्या सातत्यात आहे. तोच प्रश्न, त्याच शब्दांत, वर्षानुवर्षं. घरातला वजनकाटा दोन किलो जास्त दाखवत असला, तरी रोज त्याच काट्यावर उभं राहिलं की वजन वाढतंय की घटतंय हे कळतं, तसंच हे. इराण आणि महासत्ता यांच्यातल्या अणुकराराचं उदाहरण घ्या. करार १४ जुलै २०१५ ला झाला. ऑगस्ट २०१५ च्या चाचणीत त्याला ७६ टक्के इराणींनी पसंती दिली होती. निर्बंध उठले, पण बँका पुढे येईनात, गुंतवणूक फारशी आली नाही, मग ८ मे २०१८ ला ट्रम्प बाहेर पडले. ऑक्टोबर २०१९ पर्यंत पसंती ४२ वर आली. चौतीस टक्के ही घसरण कोणत्याही पद्धतीच्या चुकीत बसत नाही. फोनवर बोलणारे घाबरून राजवटीला बरं वाटेल असं बोलतात हे मान्य केलं, तरी ते २०१५ मध्येही तितकेच घाबरत असणार. उतार खरा आहे.

या अहवालांतला सगळ्यात कामाचा प्रश्न मात्र पसंतीचा नाही. उत्तर देणाऱ्यापुढे दोन विधानं ठेवली जातात. एकाचा आशय असा: करारातून धडा हाच की इराणनं सवलती देण्यात अर्थ नाही, कारण आपण दिलं तरी महासत्ता आपला शब्द पाळतील याचा भरवसा नाही. दुसऱ्याचा: दोन्ही बाजूंच्या फायद्याचा समझोता वाटाघाटींतून होऊ शकतो, हे कराराने दाखवलं. यातलं तुम्हाला जवळचं कोणतं? २०१८ पासून कौल स्पष्टपणे पहिल्या विधानाकडे झुकलेला आहे. दुधानं तोंड पोळलंय, आता ताकही फुंकून. वाटाघाटींचं भवितव्य जोखायचं तर 'अमेरिकेशी बोलावं का' या प्रश्नापेक्षा हा प्रश्न किती तरी उपयोगी आहे, कारण बोलायला बहुतेकांची हरकत नसते. अडतं ते शब्दाच्या भरवशावर. तेहरानमधलं सरकार लोकांपुढे काय विकू शकेल आणि काय नाही, याचा अंदाज इथूनच येतो. कागदावर लगेच सगळं द्यायचं आणि निर्बंध मात्र टप्प्याटप्प्यानं उठणार, अशी मांडणी त्यांच्या बाजारात खपणं कठीण.

आता एक खाचखळगा. करारावरचा राग वाचून 'म्हणजे लोक कट्टरपंथीयांच्या मागे गेले' असा निष्कर्ष काढणारे याच अहवालातलं दुसरं पान वाचत नाहीत. अर्थव्यवस्थेला जास्त नुकसान कशानं झालं, परकीय निर्बंधांनी की घरच्या भ्रष्टाचार आणि गैरकारभारानं, असा प्रश्न जानेवारी २०१८ मध्ये विचारला होता. ६३ टक्क्यांनी घरच्या कारभाराकडे बोट दाखवलं, ३२ टक्क्यांनी निर्बंधांकडे. म्हणजे एकच माणूस अमेरिकेला दगाबाज म्हणतो आणि आपल्या राज्यकर्त्यांना लुटारू. आपल्याकडच्या चर्चांमध्ये या दोन मतांपैकी एकच निवडायची सक्ती असते. इराणमध्ये तशी ती नाही.

प्रश्नाचे शब्द किती फरक पाडतात, याचा पुरावा गॅलपच्या जुन्या चाचणीत आहे. डिसेंबर २०१२ मध्ये त्यांनी विचारलं की निर्बंधांना सर्वाधिक जबाबदार कोण. ४७ टक्के म्हणाले अमेरिका, इराण सरकार म्हणणारे फक्त १०. वरच्या ६३ टक्क्यांशेजारी हे १० ठेवलं की वाटतं, पाच वर्षांत देश पालटला. पण एक प्रश्न निर्बंध कुणी लादले याचा, दुसरा पोटाला चिमटा कशामुळे बसला याचा. दोन वेगळ्या प्रश्नांची दोन वेगळी उत्तरं आहेत, त्यात विसंगती शोधू नये.

अण्वस्त्रांच्या बाबतीत हीच सावधगिरी दसपट लागते. 'शांततेसाठीचा अणुकार्यक्रम' म्हटलं की पाठिंबा प्रचंड दिसतो, कारण तो राष्ट्राच्या हक्काचा प्रश्न होऊन बसतो. 'अण्वस्त्रं' म्हटलं की आधीच्या वर्षांत पाठिंबा बराच खाली यायचा. २०२४ मधल्या इराणपोलच्या एका चाचणीत मात्र बॉम्बलाच जवळपास ७० टक्के अनुकूल दिसले. हा आकडा बाजूला टाकण्यासारखा नाही, पण तो वाचताना तारीख पाहा: गाझाचं युद्ध पेटलेलं, दमास्कसमध्ये इराणी दूतावासाच्या आवारावर इस्रायलचा हल्ला, एप्रिलमध्ये दोन्ही देशांनी एकमेकांवर थेट केलेले मारे. त्या आकड्यात आवड किती आणि भीती किती, हे एका प्रश्नातून वेगळं काढता येत नाही.

मित्रांबद्दल विचारताना

शत्रूंच्या बाबतीत या चाचण्या चांगल्या चालतात, मित्रांच्या बाबतीत जरा लंगडतात. कारण प्रश्न बहुधा असा असतो: अमुक देशाबद्दल तुमचं मत अनुकूल की प्रतिकूल? रशिया आणि चीनबद्दलचं अनुकूल मत निम्म्याच्या अल्याडपल्याड हेलकावे खात राहतं, आणि त्यावरून लेख लिहिले जातात की इराणी जनता पूर्वेकडे वळली. या 'अनुकूल' मागे प्रेम आहे की 'दुसरं कोण उरलंय', हे प्रश्नच विचारत नाही.

इतिहास माहीत असलेला वाचक तिथे थांबतो. रशियानं १८१३ च्या गुलिस्तान आणि १८२८ च्या तुर्कमानचाय तहांत कॉकेशसमधला मुलूख इराणकडून घेतला, १९४१ मध्ये ब्रिटनसोबत देशात सैन्य घुसवलं, युद्ध संपल्यावर १९४६ पर्यंत उत्तरेतून हलायचं नाव घेतलं नाही. मार्च २०२१ मध्ये चीनशी २५ वर्षांचा सहकार्य करार झाला, तेव्हा इराणमधल्या टीकाकारांनी त्याला 'नवं तुर्कमानचाय' म्हटलं होतं. क्रांतीची मूळ घोषणाही 'ना पूर्व ना पश्चिम' अशीच होती. अलीकडचा व्रण तीन बेटांचा. अबू मुसा, मोठं तुंब आणि धाकटं तुंब ही बेटं इराणच्या ताब्यात आहेत आणि संयुक्त अरब अमिराती त्यांवर हक्क सांगते. डिसेंबर २०२२ मध्ये चीननं आणि जुलै २०२३ मध्ये रशियानं आखाती देशांसोबतच्या निवेदनात अमिरातीला सोयीची भाषा वापरली, तेव्हा तेहरानला आपल्या या दोन 'मित्रां'च्या राजदूतांना बोलावून निषेध नोंदवावा लागला. १७ जानेवारी २०२५ ला रशियाशी २० वर्षांचा भागीदारी करार झाला खरा, पण त्यात परस्पर संरक्षणाचं कलम नाही. जून २०२५ मधल्या इस्रायल-इराण युद्धाच्या बारा दिवसांत मॉस्को आणि बीजिंग दोघांनी निषेधाची निवेदनं काढली, इराणच्या बाजूनं लढायला कुणी उतरलं नाही.

म्हणून रशिया-चीनबद्दलचा कोणताही आकडा वापरताना तो जून २०२५ च्या आधीचा की नंतरचा, हे वाक्यातच सांगावं. जुनी क्रमवारीसुद्धा शिळी होते. सौदी अरेबिया वर्षानुवर्षं तळाला असायचा, पण मार्च २०२३ मध्ये बीजिंगमध्ये समेट झाल्यावर तो क्रम पुन्हा तपासल्याशिवाय वापरता येत नाही. जर्मनीचंही तेच. सप्टेंबर २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध परत आणायची प्रक्रिया ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनी या तिघांनी पूर्ण केली. त्याआधीची 'युरोपात जर्मनी बरा' अशी उत्तरं आता इतिहासात जमा.

हिज्बुल्ला, हमास, सीरियातली फौज यांबद्दल तर प्रश्नात 'आयसिस' हा शब्द आहे का, हे सगळ्यात आधी बघावं. 'आयसिससारख्या अतिरेक्यांशी लढणाऱ्या गटांना मदत' म्हटलं की बहुमत सहज मिळतं, विशेषतः ७ जून २०१७ ला तेहरानमध्ये संसदेवर आणि खोमेनींच्या मकबऱ्यावर आयसिसचे हल्ले झाल्यानंतर. 'परदेशातल्या मित्रगटांवर इराणचा पैसा खर्च व्हावा का' असं विचारलं तर तोच माणूस वेगळं बोलेल. २००९ पासून मोर्च्यांमध्ये ऐकू येणारी 'ना गाझा, ना लेबनॉन, माझा जीव इराणसाठी' ही घोषणा काही आभाळातून पडलेली नाही.

गमान

नेदरलँड्समधली 'गमान' ही संस्था टिलबर्ग विद्यापीठातले अम्मार मालेकी आणि उत्रेख्त विद्यापीठातले पूयान तमीमी अरब यांनी उभी केली. त्यांचा मुद्दा सरळ आहे. हुकूमशाहीत अनोळखी माणसानं घरच्या नंबरवर फोन करून राजकारण विचारलं, तर खरं कोण बोलेल? म्हणून ते इंटरनेटवर, नाव न विचारता प्रश्नावली भरून घेतात. ती टेलिग्राम, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲपवरून फिरते आणि सायफॉन या फिल्टर चुकवणाऱ्या ॲपवरूनही लोकांपर्यंत पोचते.

डिसेंबर २०२२ च्या चाचणीत इराणमधल्या सुमारे १ लाख ५८ हजार लोकांनी उत्तरं दिली. 'इस्लामी प्रजासत्ताक: हो की नाही?' या प्रश्नाला ८१ टक्के 'नाही', १५ टक्के 'हो', बाकीचे अनिश्चित. प्रश्नाची रचना मार्च १९७९ च्या सार्वमताची आठवण करून देणारी. तेव्हा 'हो' ९८ टक्क्यांवर होतं.

दीड लाख हा आकडा ऐकून दबून जायचं कारण नाही. स्वतःहून येणाऱ्यांच्या नमुन्यात संख्या वाढली म्हणून झुकाव कमी होत नाही. शिकलेले, शहरी, चिडलेले लोक जास्त येतात, मग त्यांची उत्तरं हलकी करून कमी शिकलेल्यांची उत्तरं जड करावी लागतात. कल्पित उदाहरण घेऊन गणित करू. दहा हजार उत्तरं आली, त्यांत ७५ टक्के पदवीधर, आणि प्रत्यक्ष लोकसंख्येत पदवीधर २५ टक्के. आता प्रत्येक पदवीधराचं वजन एकतृतीयांश आणि बिगरपदवीधराचं तीन धरावं लागतं. वजनांच्या बेरजेच्या वर्गाला वजनांच्या वर्गांच्या बेरजेनं भागलं की खरा परिणामकारक नमुना निघतो: सुमारे ४,३००. निम्म्याहून जास्त नमुना इथेच गळाला, आणि हे एकाच निकषावर. वय, प्रांत, शहर-खेडं, मागचं मतदान असे निकष वाढले की आणखी गळती. आणि वजन कितीही लावा, सायफॉन वापरणारा कमी शिकलेला माणूस हा सायफॉन न वापरणाऱ्या कमी शिकलेल्या माणसासारखाच विचार करतो, हे गृहीतक तसंच उरतं.

गमान मागच्या अध्यक्षीय निवडणुकीतल्या मतदानावरूनही वजन लावते: कुणाला दिलं, की दिलंच नाही. कल्पना चांगली. २०१७ मध्ये मतदान ७३ टक्के, रूहानींना ५७ टक्के मतं, हे अधिकृत आकडे हाताशी असतात. धोका असा की अधिकृत आकडे खरे मानावे लागतात आणि लोकांच्या आठवणीही. राजवटीवर चिडलेला माणूस चार वर्षांनी 'मी मत दिलंच नव्हतं' असं सांगतो, हे जगभर होतं.

आणखी एक मर्यादा संस्था स्वतःच छापते, पण बातमीत कधी येत नाही. निष्कर्ष साक्षर आणि १९ वर्षांवरच्या रहिवाशांपुरते आहेत, म्हणजे प्रौढ लोकसंख्येच्या साधारण ८५ टक्क्यांपुरते. उरलेले १५ टक्के बहुतांशी वयस्कर आणि ग्रामीण. राजवटीचा पाया जिथे तुलनेनं टिकून आहे असं मानतात, नेमका तोच भाग.

तरीही 'व्हीपीएनवाले म्हणजे सगळे विरोधकच' ही टीका मला आता जुनी वाटते. टेलिग्राम २०१८ पासून बंद, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सप्टेंबर २०२२ पासून बंद. व्हॉट्सॲप डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झालं, पण तोवर दुकानदार, विद्यार्थी, परदेशातल्या मुलांशी बोलणाऱ्या आया, सगळे फिल्टर चुकवायला शिकले होते. दुसरं म्हणजे सरकारनंच करवलेलं मूल्यसर्वेक्षण. संस्कृती मंत्रालयासाठी २०२३ मध्ये झालेल्या या सर्वेक्षणाचे निष्कर्ष २०२४ च्या सुरुवातीला फुटले, आणि त्यात सुमारे ७३ टक्के लोक धर्म आणि राज्यसंस्था वेगळी असावी असं म्हणत होते. हे ८१ टक्के नव्हेत आणि प्रश्नही तो नव्हे. पण गमान हवेत बाण मारत नाही, इतकं त्यातून दिसतं.

परराष्ट्र विषयात गमान वापरायची ती दिशेसाठी आणि वर्जित प्रश्नांसाठी. 'अमेरिकेचा नाश असो', 'इस्रायलचा नाश असो' या घोषणा द्याव्यात का, इस्रायलशी वैराचा खर्च इराणनं का उचलावा, असे प्रश्न फोनवर विचारून उपयोग नाही. इथे गमानची उत्तरं वाचावीत, फक्त टक्क्यापुढचा दशांश विसरून.

ऑनलाइन चाचणीचं आणखी एक दुखणं: इंटरनेटच गेलं तर काय? नोव्हेंबर २०१९ मध्ये जवळपास आठवडाभर आणि जून २०२५ च्या युद्धातही देशाचं जोडणीचं दार बंद होतं. त्या दिवसांतलं ऑनलाइन जनमत म्हणून काही दिसलं, तर ते ज्यांची जोडणी टिकली त्यांचं मत समजावं.

इस्पा

'इस्पा' म्हणजे इराणी विद्यार्थ्यांची मतचाचणी संस्था, जहाद-ए-दानेशगाही या अर्धसरकारी शैक्षणिक संस्थेच्या छत्राखालची. काम व्यावसायिक आहे. २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत पहिल्या फेरीचा क्रम त्यांनी बरोबर सांगितला: पेझेश्कियान, जलिली, गालिबाफ. मतदानाचा टक्का मात्र जास्त धरला. प्रत्यक्षात तो ३९.९ भरला. २०२१ मध्ये उलट झालं होतं. त्यांचा अंदाज पंचेचाळिशीच्या आत होता, अधिकृत आकडा ४८.८ आला.

परराष्ट्र धोरणावर इस्पाकडून धारदार प्रश्नांची अपेक्षा ठेवू नका. त्याचं कारण २००२ मध्ये आहे. सप्टेंबर २००२ मध्ये सरकारी वृत्तसंस्था इर्नानं एक चाचणी प्रसिद्ध केली: तेहरानमधल्या जवळपास तीनचतुर्थांश लोकांना अमेरिकेशी संवाद हवा होता. काही आठवड्यांत चाचणी करणाऱ्यांची धरपकड सुरू झाली. त्यांतल्या अब्बास अब्दी यांना ४ नोव्हेंबरला अटक झाली. ४ नोव्हेंबर हा अमेरिकी दूतावास ताब्यात घेतल्याचा वार्षिक दिवस, आणि १९७९ मध्ये दूतावासात घुसलेल्या विद्यार्थ्यांच्या पुढाऱ्यांपैकी एक हेच अब्दी. त्यांना आणि हुसेन-अली गाझियान यांना तुरुंगवास झाला. 'अमेरिकेशी बोलावं का' हा प्रश्न विचारण्याची किंमत तिथल्या प्रत्येक सर्वेक्षकाला ठाऊक आहे. त्यामुळे देशातल्या संस्थेच्या अहवालात कोणता प्रश्न नाही, हे पाहणं अनेकदा असलेल्या उत्तरांपेक्षा जास्त सांगून जातं.

वापरायची अडचण भाषेची. मजकूर फारसीत, तारखा सौर हिजरी पंचांगाच्या. वर्ष २१ मार्चच्या आसपास सुरू होतं. १४०३ म्हणजे मार्च २०२४ ते मार्च २०२५. खोर्दाद महिना मे-जूनमध्ये येतो. ६२१ मिळवून इसवी सन काढला आणि महिना हिवाळ्यातला निघाला, तर एक वर्ष आणखी मिळवायचं. १४०३ चा बहमन हा २०२५ चा जानेवारी-फेब्रुवारी. इथे चुकलात तर हल्ल्यानंतरची चाचणी हल्ल्याआधीची ठरते.

गॅलप आणि इतर

गॅलपची इराणमधली कामं फोनवरची, वर दिलेल्या २०१२ च्या निर्बंधांच्या चाचणीसारखी. जुन्या तुलनेला बरी. 'टेरर फ्री टुमॉरो' या अमेरिकी संस्थेनं जून २००९ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी, मे महिन्यात शेजारच्या देशातून फोन लावून १,००१ मुलाखती घेतल्या होत्या: अहमदीनेजाद ३४ टक्के, मूसवी १४. अहमदीनेजाद जिंकल्याच्या निकालानंतर त्या आधारे 'निवडणूक स्वच्छ होती' असं बरंच लिहिलं गेलं. पण २७ टक्के लोकांनी आपण ठरवलेलं नाही असं सांगितलं होतं, आणि चाचणी मतदानाच्या तीन आठवडे आधीची होती. 'सांगता येत नाही'चा रकाना असा पायदळी तुडवू नये. इराणमध्ये पंधरा-वीस टक्क्यांच्या वर गेलेलं मौन हे स्वतःच एक उत्तर असतं.

अमेरिकेत स्थायिक इराणींच्या चाचण्या वेगळ्या ठेवा. त्या त्यांच्याबद्दल नीट सांगतात, इराणमधल्या इस्फहानबद्दल नाही. गमानच्या वरच्याच प्रश्नाला देशाबाहेरच्या उत्तरदात्यांत 'नाही' ९९ टक्के होतं. देशातल्या ८१ शी तुलना करून पाहा.

आकडा हाती आल्यावर

आधी मुलाखतींच्या तारखा शोधा, अहवालाची तारीख नको. दोन्हींत दीड-दोन महिन्यांचं अंतर असतं, आणि इराणच्या बाबतीत दोन महिन्यांत युद्ध होऊन संपतं. मग पूर्ण प्रश्नावली उघडा. मेरीलँडचे अहवाल ती जोडतात, गमानही प्रश्नांचे शब्द देते. शब्द न देणारी चाचणी बाजूला ठेवा. मग उत्तरांचे पर्याय मोजा: 'दोघेही जबाबदार' हा पर्याय दिलाय का? जून २०२५ चं युद्ध कुणी सुरू केलं, या प्रश्नात तो नसेल तर माणसाला राजवट आणि इस्रायल यांपैकी एकाच्या पारड्यात बळजबरीनं बसवलं जातं.

फोन चाचणी असेल तर एक सोपी कसोटी लावा. 'मागच्या निवडणुकीत मत दिलं' म्हणणारे किती? अधिकृत टक्का ४८ आणि चाचणीत ६५ दिसला, तर नमुन्यात व्यवस्थेच्या जवळचे लोक जास्त आहेत किंवा लोक जपून बोलतायत. दोन्ही परिस्थितींत राजवटीच्या बाजूची उत्तरं थोडी कमी धरावीत. ऑनलाइन असेल तर उलट बाजूनं तीच कसोटी.

आणि मग मागच्या फेरीतला तोच प्रश्न शोधा. मागची फेरी नसेल तर त्या आकड्यावरून 'मत बदललं' असं लिहू नका, 'आज असं दिसतं' एवढंच लिहा.

मेरीलँडला पाचपैकी चार, एक कापला तो मित्रदेशांचे प्रश्न उथळ असल्याबद्दल. गमानला तीन, पण ते तीन दुसरीकडे मिळत नाहीत. इस्पाला मतदानापुरते तीन, परराष्ट्र विषयात एक. गॅलपला ताजेपणाअभावी गुण देत नाही; २०१२ चा तो तक्ता मात्र उतरवून ठेवावा.